कायद्याचा एकच प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. जूनमध्ये शाळा भरली की पहिला आठवडाभर गुरुजी वर्गात कमी आणि वाड्यावस्त्यांवर जास्त दिसत. पटावर ज्याचं नाव नाही असं मूल शोधत ते हिंडायचे. आज त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे, त्यानं हेच काम कायदेमंडळात बसून केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात आणि पुढे संविधान सभेत शिक्षण आणि मुलांचं रक्षण यांविषयी काय मांडलं, हा आजचा विषय आहे.

बाबासाहेबांवर बोलायला विषय पुष्कळ आहेत. मग सांगलीत येऊन हाच का निवडला? कारण या विषयाचं मूळ आपल्या मातीत आहे. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो. पण 1949पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्या जुन्या, अखंड सातारा जिल्ह्यात एका मुलाचं बालपण गेलं. 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी सातारच्या राजवाड्यातल्या सरकारी इंग्रजी शाळेत त्याचं नाव घातलं गेलं. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर.

नाव पटावर आलं, पण मूल शाळेत आलं का? वर्गात इतर मुलांच्या बरोबरीनं बसायची त्याला मुभा नव्हती. बसायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई जागेवर नसला तर तहान. पट सांगत होता की हे मूल शाळेत आहे. त्या मुलाचा घसा वेगळं सांगत होता.

आणि 1901च्या सुमाराची ती मसूरची गोष्ट. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. आई वारलेली. वडील रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, खजिनदार म्हणून नोकरीला. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना बोलावलं. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं निघाली. नवे सदरे, झळझळीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. दहा मैल टांग्यानं स्टेशन, तिथून मिरजेच्या लाइनवरची गाडी आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूर. उतारू पांगले. ही मुलं फलाटावर उभी, कारण घ्यायला कुणी आलंच नव्हतं. वडिलांना पाठवलेलं पत्र त्यांच्या हाती पोचलं नव्हतं.

स्टेशनमास्तर जवळ आले. कुठं निघालात, कशासाठी थांबलात, अशी चौकशी केली. चांगल्या कपड्यातली मुलं पाहून त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मुलानं खरं सांगितलं. बाबासाहेब लिहितात की त्या एका उत्तरासरशी मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते मागं सरले. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या कितीतरी उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला, तोही असा की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानानं शेजारून चालायचं. रात्र झाली. डब्यात भाकर होती, पण प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर पाणी मागितलं तर तिथल्या माणसानं डोंगराकडं बोट दाखवलं. मुलं उपाशीपोटी गाडीतच झोपली. दुसऱ्या दिवशी अकराला ती वडिलांपाशी पोचली. त्या वेळी भिवाचं वय होतं नऊ वर्षं.

एवढ्या तपशिलानं मी हे का सांगतो आहे? त्या फलाटावर स्टेशनमास्तर म्हणजे सरकार होतं. डोक्यावर सरकारी टोपी, समोर वाट चुकलेली चार पोरं. अंधार पडायला आलेला. अशा वेळी सरकारनं मुलाला काय विचारायचं असतं? तहान लागली आहे का, सोबत कोण आहे, रात्र कुठं काढणार? विचारलं गेलं ते भलतंच: तुम्ही कोण? आणि त्याच्या उत्तरावर मुलाचं संरक्षण अवलंबून राहिलं. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात असं आहे. पुढे त्याच मुलानं देशाचा कायदा लिहिताना हा प्रश्नच काढून टाकला. त्याच्या कायद्यात राज्य मुलाला एकच गोष्ट विचारतं: वय किती?

मोठा झाल्यावर हे मूल विधिमंडळात पोचलं, त्याच्या आधीची वाट आपल्याच माणसांनी मळली होती. खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव आणि सावित्रीबाई नायगावच्या. जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मागणी केली की निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं. नामदार गोखल्यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचं ते साधंसं विधेयक 1912च्या मार्चमध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू करून दाखवलं.

आता 1927 सालाचा आरंभ डोळ्यांसमोर आणा. 25 फेब्रुवारीला सातारला महात्मा गांधींच्या हस्ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भाऊराव मूळचे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला जेवत होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. जे मूल घरापासून लांब आलं आहे, त्याला आधी सुरक्षित छप्पर आणि पोटभर भाकर, मग पुस्तक, हा कर्मवीरांचा हिशेब होता. त्याच्या पंधरवड्यानंतर, 12 मार्चला, मुंबई विधिमंडळात नव्यानं नेमले गेलेले सभासद डॉ. आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. आणि पुढच्या आठवड्यात, 20 मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. शाळा आणि पाणी! सातारच्या शाळेतला नळ आणि टोलनाक्यावरची कोरडी रात्र ज्यानं सोसली, त्याच्या आयुष्यात हे दोन विषय एकाच पंधरवड्यात हाताशी आले, यात मला योगायोग वाटत नाही.

12 मार्चचं ते भाषण आजही प्रत्येक अर्थसंकल्पाच्या आधी वाचावं असं आहे. त्यात बाबासाहेबांनी आकडे पुढं ठेवले आणि आकड्यांनाच बोलायला लावलं. प्राथमिक शाळेत शंभर मुलं दाखल होतात, त्यांतली चौथीपर्यंत फक्त 18 पोचतात. उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. मग त्यांच्यावर झालेला खर्च गेला कुठं? प्राथमिक शिक्षणाचा हेतूच त्यांनी असा सांगितला की जे मूल शाळेचा उंबरा ओलांडून आत येतं, ते साक्षर होऊनच बाहेर पडावं आणि जन्मभर साक्षर राहावं. मुलांच्या दाखल्याची संख्या मोजून समाधान मानणाऱ्या सरकारला त्यांनी गळतीचा आकडा मोजायला लावला. चालू गतीनं गेलं तर शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला 40 वर्षं आणि मुली यायला 300 वर्षं लागतील, हेही त्यांनी सभागृहाला ऐकवलं.

त्याच भाषणातला दुसरा हिशेब अबकारीचा. शिक्षणावर सरकार माणशी 14 आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. बाबासाहेबांची मागणी सरळ होती: लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. शिक्षण खातं हे देवाणघेवाणीच्या तत्त्वावर चालवायचं खातं नव्हे, शिक्षण शक्य त्या सगळ्या मार्गांनी स्वस्त झालं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. गरिबाचं पोर महाग शिक्षणाच्या दारातून परत जातं, तेव्हा ते जातं कामाला. हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी, 1928च्या जुलैमध्ये, गिरणी आणि कारखान्यांतल्या बाळंतिणींना सुटी आणि मदत देणारं विधेयक सभागृहापुढं आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्या खर्चाचा वाटा सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाचं रक्षण शाळेच्या फाटकाशी सुरू होत नाही, ते आईच्या पोटात सुरू होतं, ही समज त्यामागं होती. ते विधेयक 1929 साली कायदा झालं.

आता येऊ संविधान सभेकडं. तारीख 23 नोव्हेंबर 1948. चर्चा मसुद्यातल्या कलम 36 वर. मूळ मसुद्यात वाक्याची सुरुवात अशी होती की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क राहील. पुढं राज्यानं दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा, असं म्हटलं होतं. पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी दुरुस्ती सुचवली की हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात आहे, तेव्हा हक्काचा शब्द इथं बसत नाही, तो काढावा. बाबासाहेबांनी ती मान्य केली. त्या दिवशी हक्क हा शब्द गेला. याचं मला दुःख आहे आणि ते लपवायचं कारण नाही. तो शब्द परत यायला पुढं 54 वर्षं लागली.

पण त्याच दिवशी दुसरी एक दुरुस्ती आली होती. नझिरुद्दीन अहमद यांचं म्हणणं होतं की शिक्षण या शब्दाच्या जागी प्राथमिक शिक्षण घालावं, म्हणजे राज्यावरचा भार मर्यादित राहील. ही मात्र बाबासाहेबांनी मानली नाही. का मानली नाही, त्याचं त्यांनी दिलेलं कारण हा माझ्या मते आपल्या संसदीय इतिहासातला सोन्याचा तुकडा आहे. ते म्हणाले की याच संविधानात आपण आधी एक कलम घातलं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला त्या कलमानं बंदी केली आहे. मग चौदापर्यंत मुलानं कामावर जायचं नसेल, तर त्यानं कुठं असायला हवं? शाळेतच. म्हणून कलम 36 प्राथमिकपाशी अडवता येणार नाही, ते चौदापर्यंत गेलंच पाहिजे.

बंधुभगिनींनो, जरा थांबून या युक्तिवादाची बांधणी पाहा. एक कलम मुलाला कारखान्यातून आणि खाणीतून बाहेर काढतं. दुसरं कलम त्याला शाळेत आणतं. दोन्हींच्या मधे बाबासाहेबांनी एक दिवसाचीही फट ठेवली नाही, कारण फट ठेवली की मूल त्या फटीत पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. मुलाला कामापासून वाचवायचं असेल तर शाळा हवी आणि शाळा चालवायची असेल तर मूल कामापासून सुटायला हवं. अमलात आलेल्या संविधानात ती कलमं 24 आणि 45 म्हणून आली. आकड्यांनी ती एकमेकांपासून लांब आहेत, अर्थानं ती सख्खी भावंडं आहेत. आणि दोन्ही कलमांत जात नाही, धर्म नाही, गाव नाही, बापाचा धंदा नाही. त्यांत आहे फक्त वय. मसूरच्या फलाटावरचा प्रश्न तिथं मिटला.

कागदावर मिटला, असं म्हणायला हवं. संविधान 1950 साली अमलात आलं, म्हणजे दहा वर्षांची मुदत 1960 साली संपली. दक्षिण साताऱ्याची सांगली झाली ते हेच वर्ष. जिल्ह्याला नवं नाव मिळालं, मुलांना मिळायचं ते राहून गेलं. 1993 साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. 2002 साली घटनादुरुस्ती होऊन कलम 21अ आलं, 2009 साली शिक्षण हक्क कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. पण हक्क आला तो सहा ते चौदा वयाचा. बाबासाहेबांच्या कलमात चौदापर्यंतची सगळी मुलं होती. नव्या रचनेत सहाखालची मुलं मूलभूत हक्काबाहेर पडून प्रयत्नाच्या कलमात उरली.

या बदलाचा अर्थ मला कायद्याच्या पुस्तकातून कळला नाही. तो कळला उसाच्या फडाकडेला.

काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावी डिसेंबरमधल्या सकाळी आम्ही काही शिक्षक ऊसतोडीच्या टोळीकडं गेलो होतो. शाळाबाह्य मुलांची नोंद करायची होती. ओळीनं कोपी उभ्या. बैल सुटलेले, वाढ्याच्या पेंढ्या एका बाजूला रचलेल्या. मोठी माणसं पहाटेच्या अंधारातच फडात गेलेली. एका कोपीपुढं एक मुलगी विझत आलेल्या चुलीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचा भाऊ होता. आम्ही आमचे कागद काढले. कुठल्या गावची? मुकादम कोण? शाळेत नाव आहे का? गावाकडं आहे, ती म्हणाली. दाखला आणलाय का? ती गप्प. आमच्यातल्या एका बाई खाली बसल्या, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाल्या, बाळा, वय किती तुझं? दहावं चाललंय, ती म्हणाली. बाई आमच्याकडं वळल्या. म्हणाल्या, झालं की मग. आणखी काय पाहिजे आपल्याला?

खरंच आणखी काही नको होतं. शिक्षण हक्क कायदा हेच सांगतो. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. मूल वयाला साजेशा वर्गात बसवायचं. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी. म्हणजे ते मूल ज्या गावच्या शिवारात आज आहे, त्या गावची.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली. भावाला कडेवर घेऊनच आली, कारण त्याला ठेवणार कुठं? तो रडला की ती उठून व्हरांड्यात जायची, तो निजला की परत येऊन ओळ पुरी करायची. आठवडाभर आली. मग तो आजारी पडला आणि ती यायची थांबली. पुढं टोळी दुसऱ्या फडावर गेली. पटावर तिच्या नावापुढं मी स्वतः गैरहजेरी मांडली आहे. भावाचं वय हक्कातून सुटलं म्हणून बहिणीची शाळा सुटली. बाबासाहेबांनी दोन कलमांच्या मधे फट ठेवली नव्हती. आपण नंतर ठेवली आणि त्या फटीत ती मुलगी आमच्या डोळ्यांदेखत गेली. फडाशेजारी पाळणाघर किंवा अंगणवाडी चालली असती, तर ती वर्गात राहिली असती. सहाखालच्या मुलाची सोय ही थोरल्या बहिणीच्या शिक्षणाची पहिली अट आहे.

दुसरी फट कामाच्या बाजूला आहे. मूळ कलम 24 कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांपुरतं बोलतं. बालकामगार कायद्यातल्या 2016च्या दुरुस्तीनं चौदाखालच्या मुलाला सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी केली, हे चांगलं झालं. पण घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत करायला मोकळीक ठेवली. आता तुम्हीच सांगा, उसाच्या फडात घरचं काम कुठं संपतं आणि मजुरी कुठं सुरू होते? नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मोळ्या बांधायला पोराचे हात लागले तर ते कुठल्या रजिस्टरात दिसणार? त्या फडात मुलाला कायद्याचा आधार मिळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. त्या वेळेला ते मूल शाळेत असणं. बाबासाहेबांनी 1948 साली सांगितलेली गोष्ट हीच.

आणि शेवटचा मुद्दा. मूल शाळेत आलं म्हणजे ते सुरक्षित झालं, असं आपण धरून चालतो. सातारचं गोणपाट आणि नळ आपल्याला सावध करतात. 2024च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला, त्यानं सगळ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. आज कायदा दुबळा नाही. शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी करतं. 2012चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला संरक्षण देतो आणि अत्याचार कळूनही जो कळवत नाही, त्यालाही दोषी धरतो. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण मिटवणं हा गुन्हा आहे, हे प्रत्येक संस्थाचालकानं आणि प्रत्येक मुख्याध्यापकानं समजून घेतलं पाहिजे. शाळेची अब्रू म्हणजे त्या शाळेतलं मूल. दुसरी कुठलीही अब्रू शाळेला नसते.

मूल शाळेत येणं, शाळेत टिकणं आणि शाळेत निर्भय असणं ही तीन वेगळी कामं आहेत असं वाटतं, पण बाबासाहेबांच्या मांडणीत ते एकच काम आहे. 1927 साली त्यांनी गळतीचा आकडा मांडला, तो टिकण्यासाठी. 1948 साली चौदाची रेघ हलू दिली नाही, ती येण्यासाठी. निर्भय असण्याची किंमत त्यांनी स्वतः सातारला आणि मसूरला मोजली होती.

श्रोतेहो, दिवाळी झाली की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कारखान्यांचे बॉयलर पेटतील. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत नदीकाठानं कोपी उभ्या राहतील. तुमच्यातले काही शेतकरी आहेत, काही कारखान्याचे सभासद आहेत, काही शाळा व्यवस्थापन समितीवर असतील. माझी विनंती एवढीच आहे. तोड तुमच्या शिवारात आली की एकदा त्या कोपींकडं जा. कुठली टोळी, कुठलं गाव, कोणती जात, दाखला आहे का, यांतलं काही विचारू नका. फडाकडेला त्या बाईंनी विचारलं तेवढंच विचारा, वय किती? आणि उत्तर काहीही येवो, बहीण शाळेकडं आणि भाऊ अंगणवाडीकडं, अशी दोघांची बोटं धरून त्यांना गावात आणा. मसूरच्या फलाटावर त्या संध्याकाळी कुणीतरी एवढंच करायला हवं होतं.